पाटीवरची तारीख

चरोदा
३१ मार्च २०२५, सोमवार

प्रिय विजूताई,

पाडवा काल होऊन गेला, तरी तुला आणि भाऊजींना नव्या वर्षाच्या शुभेच्छा आजही चालतील. तुझा डबा समृद्धीने काल दुपारी आणून दिला. पुरणाच्या दोन पोळ्या मी खाल्ल्या, दोन मनकर्णाबाईंनी. पाचवी समृद्धीसाठी ओट्यावर झाकून ठेवली होती, ती कोणी पळवली ते अजून कळलेलं नाही. इथे ओट्यावर ठेवलेली कुठलीच गोष्ट मुक्कामाला राहत नाही.

डब्याच्या झाकणाखाली तुझी चिठ्ठी होती. ‘ह्यांनी हथखोजच्या एका वर्कशॉपमधून भोंग्यासाठी स्टीलची पाटी कापून आणली. नाव कोरून झालं. खाली तो गेला ती तारीख टाकायची आहे, कळव. साकोलीला जाण्याआधी कडुनिंबाखाली लावून टाकू.’ एका तारखेसाठी एवढं जाडजूड पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोन केला असता तर तू दुसऱ्याच वाक्याला ‘बरं बरं’ म्हणाली असतीस आणि मी गप्प झाले असते. लहानपणापासून आपलं असंच चालत आलंय. म्हणून लिहायला बसले. आज ईदची सुट्टी म्हणून रात्री इथेच राहिलेली समृद्धी समोर ओसरीवर मराठीचा धडा मोठ्याने वाचते आहे. इथल्या हिंदी शाळेत वाढली असली तरी जूनपर्यंत साकोलीच्या शाळेत बसण्याइतकं तिला नक्की येईल, काळजी करू नकोस.

आधी इथली हकीकत. सध्या एक्केचाळीस कुत्री आहेत, अकरा मांजरं, आणि तीन पायांची ती बकरी, जी स्वतःला कुत्रं समजते आणि फाटक वाजलं की सगळ्यांच्या पुढे धावते. ऊन आत्ताच सोसवेनासं झालंय. बाबांनी लावलेल्या कडुनिंबाखाली मातीच्या सहा नांदा भरून ठेवतो, त्या दुपारपर्यंत रिकाम्या होतात. मनकर्णाबाईंचा गुडघा दुखतो, पण काम माझ्यावर सोडून बसा म्हटलं तर त्यांना राग येतो.

आणि उद्यापासून महिन्याचा पहिला आठवडा. स्टील प्लांटमधली माणसं महिन्याच्या शेवटच्या तारखेला रिटायर होतात हे मी तुला काय सांगणार, पुढच्या महिन्यात भाऊजींचीच पाळी आहे. हार, फोटो, घरी पेढे, मग काही दिवसांत क्वार्टर रिकामं. सामान ट्रकमध्ये चढतं आणि कुत्रं खाली राहतं. मग कोणीतरी दोरी धरून आमच्या फाटकाशी येतं. आत येत नाहीत. दोरी माझ्या हातात देतात आणि त्याला काय आवडतं ते सांगत राहतात. याला पावाचा कडक भाग आवडतो, हा फटाक्यांना भितो, हिला मोना म्हटलं तरच येते. बोलताना बघतात मात्र दुसरीकडे. पूर्वी मला त्यांचा राग यायचा. आता येत नाही. आपल्याला जमलं नाही ते दुसऱ्याच्या हातात देऊन मान वळवणं मलाही चांगलं येतं, हे पत्र संपेपर्यंत तुला कळेल.

तर तारीख. ती मला कुठे शोधावी लागली नाही. एकतीस मार्च दोन हजार बावीस, गुरुवार. आज बरोबर तीन वर्षं झाली.

पण ती पाटीवर टाकू नकोस, ताई. का ते सांगते. थोडं मागून सांगावं लागेल.

त्या वर्षीच्या धुळवडीला वस्तीतल्या कोणीतरी भोंग्याच्या, त्या गरीब कुत्र्याच्या अंगावर पक्का हिरवा रंग ओतला होता. दोन दिवस तो स्वतःला खाजवत होता आणि डावा कान त्याने पार सोलून काढला होता. रविवारी तुम्ही आलात. तू आतल्या खोलीत मनकर्णाबाईंबरोबर जुन्या चादरी फाडत बसली होतीस. मी फाटकाशी एका माणसाशी बोलत होते. मग समृद्धीची किंकाळी ऐकू आली. आपण दोघी धावलो तेव्हा ती मातीत बसली होती, कोपराखालून रक्त वाहत होतं, आणि भोंग्या दूर भिंतीला चिकटून थरथरत उभा होता. तिच्या उजव्या हातात एक ओलं फडकं होतं. ते तुझ्या लक्षात आलं की नाही, मला माहीत नाही. माझ्या आलं होतं.

दवाखान्यात इंजेक्शन देऊन झाल्यावर तू तिला विचारलंस, “कोणं जाऊ देलं तुले त्याच्याजवळ?” तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “मी आपणच गेली.” मी तिची एक चप्पल हातात धरून उभी होते. कधी उचलली होती कोण जाणे.

त्या संध्याकाळी फोनवर तू जे बोललीस ते आपण दोघींनीही नंतर कधी उच्चारलं नाही. “एक तं तो राहीन, नाही तं मी. तुले कोण पाहिजे ते ठरव.” अकरा वर्षांनी झालेली मुलगी होती. तिच्या हाताला दातांच्या चार खोल खुणा होत्या. मी तुझ्या जागी असते तर याहून वाईट बोलले असते, हे मी तेव्हाही मानत होते.

पण ताई, मला त्याच वेळी दुसरी तू आठवत होतीस. बाबांच्या प्लॉटच्या कागदांवर सही करताना पेन उचलून थांबलेली. वकिलासमोर तू म्हणाली होतीस, “माझा अर्धा हिस्सा घे, पण एक ऐक. तिथं एकाही जनावराले मारायचं नाही. नाही तं मी सही करत नाही.” फाटकावर जे लिहिलंय, इथे आलेल्या कोणालाही मारलं जात नाही, ते लोकांना वाटतं माझं आहे. ते तुझं आहे.

चावलेल्या कुत्र्याला दहा दिवस नजरेखाली ठेवावं लागतं. दहा दिवस तो धड राहिला तर त्याला ते जीवघेणं दुखणं नाही असं समजतात. तू म्हणालीस, दहा दिवस थांब, मग त्याला संपव. मी हो म्हटलं. त्याला कोपऱ्यातल्या खोलीत बंद केलं.

आता मी जे सांगणार आहे ते मी कोणालाच नीट सांगू शकलेले नाही. सांगायला गेले की गोष्ट छोटी वाटायला लागते.

चौथ्या दिवशी सकाळी फाटकाबाहेर सिमेंटच्या पोत्यात पिल्लं सापडली. पाच होती, एक आधीच गेलं होतं. महिन्याभराची असतील. दुसरी जागा नव्हती म्हणून त्यांना भोंग्याच्या शेजारच्या खोलीत ठेवलं. मधे नुसती जाळी. डॉक्टर प्रशांतनी, आमच्याकडे येतात ते जनावरांचे डॉक्टर, यावरून नंतर मला चांगलंच झापलं, आणि त्यांचं बरोबर होतं. पिल्लं काही खाईनात. दूध ठेवलं, तोंड वळवलं. भात कुस्करून ठेवला, त्याच्यावर बसली. मनकर्णाबाई म्हणाल्या, दोन दिवसांची सोबत आहे, बाई, जीव लावू नका.

सातव्या दिवशी त्या धावत आल्या. “बाई, भोंग्या ओकून राह्यला. कालपासून. मी तुमाले सांगतलं नाही.”

मी तशीच त्याच्या खोलीपाशी गेले. तो वाळलाही होता, बरगड्या मोजता येत होत्या. मला वाटलं, झालं, तेच दुखणं आहे. समृद्धीची इंजेक्शनं चालू होती, वेळेवर चालू होती, तरी माझ्या डोळ्यांसमोर तिचा हात येत राहिला. तुला कळवलं नाही. तू रोज फोन करून एवढंच विचारायचीस, कसा आहे तो, आणि मी म्हणायची, ठीक आहे. माझं पहिलं खोटं ते.

डॉक्टर दुर्गला अडकले होते. म्हणाले, मला यायला तीन-चार दिवस लागतील, तोवर जवळ जाऊ नका, दुरून लक्ष ठेवा, किती खातो, किती पितो, किती ओकतो, सगळं बघा. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी मनकर्णाबाई आणि मी पाण्याच्या ड्रममागे पोती टाकून बसलो.

त्याला भात आणि कोंबडीच्या पायांचं पाणी घातलं होतं. त्याने सगळं खाल्लं. ताट चाटून स्वच्छ केलं. मग उठला आणि जाळीपाशी गेला. जाळीचा खालचा कोपरा पिल्लांनी ढकलून ढकलून वर वाकवला होता, चार नाकं तिथून बाहेर आली होती. भोंग्याने मान खाली घातली. त्याचं पोट आत गेलं, एकदा, दोनदा, आणि त्याने खाल्लेलं सगळं त्यांच्यासमोर टाकलं. पिल्लं तुटून पडली. एक त्याचे ओठ चाटत होतं. तो हलला नाही. सगळं संपेपर्यंत तसाच उभा राहिला, मान खाली घालून, आणि मग कोपऱ्यात जाऊन रिकाम्या पोटी झोपला.

जमिनीवर थोडी ओल राहिली होती. तशीच मनकर्णाबाईंनी आदल्या दिवशी पाहिली होती.

 मग त्या हळूच म्हणाल्या, “बाई, हा बिमार नाही. हा पोरायले चारून राह्यला.” आणि थोड्या वेळाने, “पोटात ठेवला घास कोणी काढून देते का, बाई? मी नसता देल्ला.”

नर होता तो, ताई. ती पिल्लं त्याची नव्हती. ती कुठल्या आईची होती हे आम्हालाही माहीत नव्हतं. त्याला शिक्षेला ठेवलं होतं आणि त्याला ते ठाऊक नव्हतं. मी ड्रमला टेकून बसले होते आणि अंगावर काटा आला होता. देवळात मला असं कधी झालेलं नाही. डॉक्टर म्हणतात, क्वचित करतात असं नर, नवल नाही. असेल. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना नवल वाटत नसेल.

एकतीस तारखेला, अकराव्या दिवशी, डॉक्टर आले. बॅग उघडलीसुद्धा नाही. ते ड्रममागे तासभर बसले आणि उठताना म्हणाले, “निरोगी जनावराला मी ते इंजेक्शन देत नाही, कायदाही देऊ देत नाही. तुमच्या बहिणीला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.”

मी तुला फोन केला आणि म्हटलं, झालं.

ताई, भोंग्या जिवंत आहे.

हे वाक्य लिहून मी एकदा उठले, नांदा भरून आले. आता पुढचं लिहिते.

त्या संध्याकाळी भाऊजी येतो म्हणाले होते. म्हणून आम्ही कडुनिंबाजवळ खड्डा खणला. एका पोत्यात वाळू आणि त्याची जुनी गोधडी भरली, खड्ड्यात ठेवली, वरून मीठ आणि माती. वर चार दगड. भाऊजी स्कूटरवरून उतरले, हेल्मेट काढून हातात धरलं आणि उभे राहिले. म्हणाले, “मी दारात बूट काढायले बसलो का लेस सोडून द्यायचा हा. आता कोण सोडन?” तो मागच्या शेडमध्ये होता, पन्नास पावलांवर. मी भाऊजींना चहा दिला.

मनकर्णाबाईंनी त्या ढिगाऱ्यावर आजवर एकदाही पाणी घातलेलं नाही. बाकीच्या सगळ्या जागांवर घालतात, जिथे म्हातारपणाने गेलेले पुरले आहेत. मी विचारलं तर म्हणाल्या, “खाली पोत्यावर नाही टाकत मी. मले हासू येते, अन् मंग रडू येते.”

मला वाटलं होतं, विषय संपला. तुझा शब्द राहिला, तुझी अटही राहिली. मी स्वतःला असं समजावत होते की मी तुझ्या दोन्ही रूपांचं ऐकलं. आणि मग पाच महिन्यांनी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तू एकटीच आलीस. चादरी द्यायला आले म्हणालीस. दोन चादरी होत्या. चादरी देऊन तू जाईनास. कडुनिंबापाशी गेलीस, पदराखालून ग्लुकोज बिस्किटांचा पुडा काढलास, फोडलास आणि एकेक बिस्किट दगडांवर मांडलंस. मग तू खाली बसलीस. मी तुला तशी रडताना बाबा गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. “मीच सही करताना सांगतलं होतं,” तू म्हणत होतीस, “अन् मीच मारायले लावलं.”

तेव्हा सांगायला हवं होतं. त्याच क्षणी. पन्नास पावलं तर होती.

मी सांगितलं नाही. तुझ्या पाठीवर हात ठेवला.

त्यानंतर तू दर दोन-तीन महिन्यांनी येत राहिलीस. चादरी, जुने टॉवेल, उरलेला भात. मला माहीत असायचं तू कशाला आलीस. तुला त्याची सवय आठवते ना, ज्यावरून त्याला भोंग्या नाव पडलं? यार्डातल्या इंजिनाने हॉर्न दिला की हा मान वर करून त्याच्याहून लांब सूर लावायचा. लहानपणी आपण दोघी हॉर्न ऐकून सांगायचो, बाबांची गाडी आली. तो रडतो तेव्हा मला अजून तेच वाटतं, आता बाबा टॉर्च आणि झेंड्या घेऊन दारात येतील. तर चारच्या सुमारास यार्डातून गाडी निघते, आणि तू बहुतेक वेळा चारला असायचीस. म्हणून तुझी स्कूटर दिसली की मी पाण्याचा पंप लावायची. त्या आवाजात सगळं बुडायचं. तुला वाटत असेल, ही ममता मेली सारखी पाणी भरत असते.

एकदा पंप लावायला उशीर झाला. तो सूर निघालाच. तू दगडावरून हात उचललास आणि म्हणालीस, “हा तं त्याचाच आवाज आहे वं.” मी म्हटलं, त्याने वाढवलेली पिल्लं आहेत ना, ती त्याच्याकडून शिकली. हे खरं होतं. ती चारही तसंच रडतात. त्यांच्यानंतर आलेलीही तसंच रडतात. त्या पिल्लांनंतर जी अनाथ पिल्लं आली ती सगळी त्यानेच वाढवली, तीन वर्षांत एकवीस झाली. खऱ्या गोष्टीने मी खोटी गोष्ट झाकली आणि तुझ्या तोंडावर जे हसू आलं ते पाहून मला बरं वाटलं. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

आता समृद्धीचं.

गेल्या दिवाळीत तू तिला अडीच वर्षांनी पहिल्यांदा इकडे आणलंस. तू कडुनिंबापाशी होतीस, मी पंप लावून आले, आणि पाहते तर ही कुठे दिसेना. मागच्या शेडमध्ये सापडली. भोंग्याचं तोंड आता पांढरं झालंय, एका डोळ्यात फूल पडलंय, पण डावा कान तसाच, कडेने कुरतडल्यासारखा. ती त्याच्यापासून चार हातांवर उकिडवी बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “मावशी, ये भोंग्या है ना?”

मी हो म्हटलं. तिच्याशी खोटं बोलायला मला सुचलंच नाही.

तो उठला. मी पुढे झाले, पण तिने एक हात वर करून मला थांबवलं, अगदी तुझ्यासारखं. तो तिच्याजवळ गेला, तिचा हात हुंगला आणि कोपराखाली नाक आणून थांबला. तिथेच, त्या चार खुणांवर. बराच वेळ. त्याला काय कळलं असेल ते मला माहीत नाही, आणि जे कळत नाही त्याच्यावर मी काही चढवणार नाही. मग तो तिच्या पायाशी बसला. ती त्याच्याकडेच बघत होती. म्हणाली, “मला वाटायचं माझ्यामुळे त्याला मारलं.”

नऊ वर्षांची असल्यापासून ते ओझं घेऊन फिरत होती, ताई. तू एक ओझं घेऊन दगडांवर बिस्किटं मांडत होतीस, ती दुसरं घेऊन तुझ्या शेजारी झोपत होती, आणि दोघींना मोकळं करणारी एक गोष्ट माझ्याजवळ होती. ती मी शेडमध्ये बांधून ठेवली होती.

तेव्हापासून ती दर रविवारी येते. मराठी शिकायला येते हे खरंच आहे. धडा ती त्याला वाचून दाखवते. चुकली तर तो काही म्हणत नाही, म्हणून तिला त्याच्यासमोर वाचायला आवडतं.

आणि त्याच दिवशी, शेडमधून बाहेर पडताना, ती आणखी एक वाक्य बोलली. हे पत्र मी त्या वाक्यासाठी लिहिते आहे. बाकी सगळं मी कदाचित तुला कधीतरी हसत-रडत सांगितलं असतं. ती म्हणाली, “मावशी, तू मला पाठवलं होतं ते मी आईला कधीच नाही सांगितलं.”

धुळवडीनंतरच्या त्या रविवारी मी फाटकाशी उभी होते. समोरचा माणूस दोरी सोडायला तयार नव्हता. समृद्धी माझा पदर ओढत होती, काय करू, मावशी, काय करू. मी न बघता बादलीतलं फडकं पिळून तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, जा, भोंग्याचा रंग पुसून दे. कान सोललाय हे मला माहीत होतं. सकाळीच मी त्याला औषध लावायला गेले होते आणि तो माझ्यावरही गुरगुरला होता. त्या एका मिनिटात ते मला आठवलं नाही. तिने कानच पुसला असणार, सगळ्यात जास्त रंग तिथेच होता.

दवाखान्यात तू विचारलंस आणि तिने माझ्याकडे पाहिलं. नऊ वर्षांच्या मुलीने, हातातून रक्त येत असताना, माझ्या तोंडावर काय आहे ते वाचलं आणि मला वाचवलं. मी वाचले. चप्पल हातात धरून उभी राहिले. त्यानंतर कुत्र्यावर सगळं गेलं आणि मी तेही जाऊ दिलं. तुला तेव्हाच सांगता आलं असतं की डॉक्टर मारत नाहीत, कायदा मारू देत नाही. तू चिडली असतीस, भांडली असतीस आणि मग विचारलं असतंस, मुलगी त्याच्याजवळ गेलीच कशी. त्या एका प्रश्नाला घाबरून मी पोतं पुरलं.

लोक मला म्हणतात, ममताताई, तुम्ही एवढ्या जिवांना वाचवता. मी या फाटकाच्या आत जे पाहिलं ते असं आहे की एका कुत्र्याने पोटातला घास काढून परक्या पिल्लांना दिला, आणि एका लहान मुलीने आपलं खरं गिळून मला दिलं. दोघांनाही कोणी शिकवलं नव्हतं. मी नुसती ड्रममागे बसलेली आहे, ताई, अजूनही.

काल तुझी चिठ्ठी आली तेव्हा समृद्धीने ती माझ्या आधी वाचली. मराठी तिला आता तेवढं येतं. मला म्हणाली, “तू सांग. मी सांगितलं तर आई मला रागावणार नाही, तुला रागावेल. तू सांगितलं तर थोडं कमी रागावेल.” तिने हे पत्रही इथपर्यंत वाचलं आहे. दोन ठिकाणी तिने मला थांबवलं, तिथे मी स्वतःला बरं दाखवत होते. ती वाक्यं मी काढली.

संध्याकाळी तिला तुमच्या स्ट्रीटच्या तोंडाशी सोडून मी परत फिरेन. तू वाचत असताना समोर उभं राहण्याचं धैर्य माझ्यात नाही. तू मला जे बोलशील ते मी ऐकेन. काहीच बोलली नाहीस तर तेही. बाबांच्या प्लॉटवरची तुझी सही तुला परत मागावीशी वाटली तर मी नाही म्हणणार नाही, फक्त या एक्केचाळिसांची सोय होईपर्यंत वेळ दे. आणि भोंग्याबद्दल एकच मागणं आहे. तो पुष्कळ म्हातारा झालाय, हा उन्हाळा काढेल की नाही माहीत नाही. मी खोटं बोलले म्हणून त्याच्यावर रागावू नकोस.

पाटी भाऊजींना जपून ठेवायला सांग. नाव राहू दे. त्याखालची जागा मोकळी राहू दे, तिला कधी ना कधी तारीख मिळेलच, आणि ती मी तुला खरी कळवेन.

रविवारी रामनवमी आहे. तुमचं आटोपलं की जमलं तर ये. तीन मेला तुमचं सामान निघेल, मग कुठलं येणं होतं. बिस्किटं आण, तो अजून खातो, एका बाजूने चावतो. चारच्या आधी पोच, म्हणजे यार्डातली गाडी निघताना तू इथे असशील.

या वेळी मी पंप लावणार नाही.

तुझी, आणि तू ठेवलंस तर तुझीच,
ममता